सातबारा नसलेल्या घराण्याची वंशावळ

वंशावळ काढायची म्हटली की लोक आधी तलाठ्याकडे जातात. सातबारा, त्यावरचे फेरफार, त्यामागचं हक्क नोंदीचं पत्रक, अशी एकेक पायरी उतरत पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत पोचता येतं. जमीन असलेल्या घरासाठी ही वाट सरळ आहे. मजुराच्या घराला मात्र ती पहिल्याच पायरीवर बंद होते, आणि मग ‘आमचा कुठं कागद असणार’ म्हणून शोध सोडून दिला जातो. कागद असतो. तो दुसऱ्याच्या नावाच्या गठ्ठ्यात असतो, एवढाच फरक.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका मजूर कुटुंबाची सहा पिढ्यांची साखळी आम्ही तिघांनी मिळून चौदा महिन्यांत जुळवली. पूर्वाश्रमीचं महार, आता बौद्ध कुटुंब. दुसऱ्याच्या रानात राबणं, दुष्काळात खडी फोडणं आणि पुढे मुंबईची गिरणी, असा तिथला नेहमीचा प्रवास. नावं कुटुंबाच्या इच्छेनुसार बदलली आहेत. कागद, रकाने आणि अडचणी जशा होत्या तशा सांगतो.

सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून करावी. पुरुषांना भाऊबंदकी आठवते, बायकांना माणसं आठवतात. ‘पणजोबांचं नाव काय’ असं थेट विचारलं तर बहुतेकदा ‘ठाव नाही’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी हे विचारावं: कुणाचं नाव कुणाला ठेवलं? तुमच्या सासूचं माहेर कुठलं? मयतीला बाहेरगावची कोणती माणसं यायची? जत्रेला कुठल्या गावच्या देवाला जायचात? दिवस कुणी घातले? आमच्याकडच्या आजींना सासऱ्यांच्या वडिलांचं नाव सांगता येईना. पण ‘थोरल्याला आज्याचं नाव दिलंय’ एवढं त्या सहज बोलून गेल्या. थोरल्याचं नाव येसू होतं, म्हणजे शोधायचं नाव येसू. मृत आज्याचं नाव नातवाला देण्याची चाल शोधाला फार मदत करते. तीच पुढे सगळ्यांत मोठा घोटाळाही करते, त्याबद्दल खाली येईलच.

दुसरा मुक्काम प्राथमिक शाळेचा. दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजेच जनरल रजिस्टर. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची आणि नाव कमी केल्याची तारीख, शेरा. त्यातल्या जन्मतारखेवर विसंबू नये. गुरुजी मुलाकडे पाहून वय ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून १ जून लिहून टाकायचे. एकाच पानावर पाच-सहा मुलं १ जूनला जन्मलेली दिसली की समजून घ्यावं. दाखल केल्याची तारीख मात्र खरी असते. ‘नाव कमी करण्याचे कारण’ हा रकानाही सोडू नये. ‘परगावी गेला’, ‘गुरे राखण्यास’ असे शेरे कुटुंब केव्हा हललं ते सांगतात.

बऱ्याच मजूर घरांना आडनाव मिळालं ते शाळेत. एका भावाने गावाच्या नावाला ‘कर’ लावला, दुसऱ्याच्या मुलाला गुरुजींनी वेगळंच आडनाव लावलं, आणि सख्खे चुलते दोन आडनावांचे झाले. म्हणून यादी चाळताना आडनावावर बोट फिरवायचं नाही. बापाचं नाव आणि जातीचा रकाना पाहायचा. १९५६ च्या धर्मांतरानंतर हाच रकाना बदलतो. थोरल्या मुलापुढे महार, धाकट्यापुढे बौद्ध किंवा नवबौद्ध. ती दोन वेगळी कुटुंबं समजू नयेत. गावात पूर्वी अस्पृश्यांसाठी वेगळी शाळा असेल तर तिचं रजिस्टर मुख्य शाळेच्या कपाटात वेगळ्या बांधणीत पडलेलं असू शकतं. ‘जुनं रजिस्टर आहे का’ असं मोघम विचारलं की नाही म्हणतात. ‘दुसऱ्या शाळेचं रजिस्टर जमा झालं होतं का’ असं विचारावं.

शाळेने आम्हाला १९३० च्या दशकापर्यंत आणलं: मुलगा रामा, बाप धोंडी. त्यामागे शाळेत गेलेलं कुणी नव्हतं. आता खरं काम सुरू होतं, ते गाव नमुना १४ मध्ये.

नमुना १४ म्हणजे गावची जन्ममृत्यू नोंदवही. कोतवाल गावात फिरून खबर द्यायचा, म्हणून तिला कोतवाल बुकही म्हणतात. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा येण्यापूर्वीच्या या वह्या बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, गावनिहाय गठ्ठ्यांत असतात. जमीन असो नसो, जन्मलेल्याची आणि मेलेल्याची नोंद इथे व्हायची. मजुराच्या शोधात याच्याइतका मोलाचा कागद नाही.

यातली पहिली अडचण अशी की बाळाचं नाव लिहिलेलं नसतं. बारसं नंतर होणार, खबर आधी गेलेली. ‘धोंडी येसू, महार, मुलगा’ एवढंच असतं. आईचं नाव तर क्वचितच. त्यामुळे जन्माच्या बाजूला आजोबांचं नाव शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. बापाचं नाव धरून त्याची सगळी अपत्यं उतरवायची, आणि वयाच्या अंदाजाने कोणता मुलगा कोण ते ठरवायचं.

मृत्यूची बाजू जास्त बोलकी. मेलेल्याचं नाव, वय, जात, कारण. बाईचं असेल तर नवऱ्याचं नावही, ‘भागू कोम धोंडी’ असं. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. खानदेश, विदर्भ, मराठवाड्याकडे ‘वलद’ आणि ‘जवजे’ भेटतात, विधवेला ‘बेवा’. वयाचे आकडे गोल असतात: ४०, ५०, ६०. त्यात दहा वर्षांची चूक सहज धरावी. कारणाच्या रकान्यात ताप, हगवण, पटकी, देवी, प्लेग. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं उलटताना हात थांबतो. इन्फ्लुएन्झाच्या त्या दोन महिन्यांत एरवी वर्षभरात होतील एवढे मृत्यू एकाखाली एक ‘ताप’ म्हणून लिहिलेले आहेत. येसूची नोंद आम्हाला तिथेच मिळाली, वय ५०. त्याच्या चार ओळी खाली त्याची सून.

आम्ही शोधायची पद्धत तिसऱ्या महिन्यात बदलली, आणि ती पहिल्या दिवसापासून तशी असती तर निम्मा वेळ वाचला असता. आधी आम्ही फक्त हवी ती नावं टिपत होतो. त्याने भलताच येसू गळ्यात पडतो. त्याऐवजी गावातल्या त्या वाड्यातली, म्हणजे त्या जातीच्या वस्तीतली प्रत्येक नोंद उतरवायची. हिशेब फार मोठा नाही. हजार वस्तीच्या गावात वर्षाला चाळीसेक जन्म आणि तीसेक मृत्यू धरले तर साठ वर्षांच्या चारेक हजार नोंदी होतात. महारवाडा गावाच्या दहाव्या हिश्शाएवढा असेल तर त्यातल्या आपल्या चारशे. एका नोंदीला एक पोस्टकार्डाएवढं कार्ड, वर कोपऱ्यात साल, मागे वहीचं पान. चारशे कार्डं जमिनीवर मांडली की घरं आपोआप वेगळी होतात: या बापाला दर अडीच-तीन वर्षांनी मूल, त्या बापाची नोंद अमुक सालानंतर थांबते. बहुधा मेला, किंवा मुंबईला गेला.

आता तो घोटाळा. आज्याचं नाव नातवाला, त्यामुळे धोंडी येसू, येसू धोंडी, पुन्हा धोंडी येसू अशी माळ होते. १८९५ चा धोंडी येसू आणि १९३५ चा धोंडी येसू एकच समजून आम्ही दोन पिढ्या गाळल्या होत्या. चूक कळली ती साध्या हिशेबाने: एकाच बापाला पहिलं मूल १८९५ ला आणि शेवटचं १९३७ ला, बेचाळीस वर्षांच्या अंतराने. कुठल्याही बापाच्या पहिल्या आणि शेवटच्या अपत्यात पंचवीस वर्षांहून जास्त अंतर दिसलं की तिथे दोन माणसं असल्याचा संशय घ्यावा.

दुसरा सापळा पहिलटकरणीचा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे थोरल्या अपत्याची नोंद बापाच्या गावात नसते. ती आईच्या माहेरच्या गावच्या वहीत असते. म्हणून आजींना सासूचं माहेर विचारायचं. धोंडीचा थोरला मुलगा आम्हाला शेजारच्या तालुक्यातल्या वहीत सापडला आणि शेरा होता ‘बाप राहणार मौजे अमुक’. दोन गावं जोडणारा असा शेरा लाखमोलाचा.

या वह्या साधारण १९५० पर्यंत बव्हंशी मोडीत आहेत. घाबरायचं कारण नाही. पेशवाईतलं पत्र वाचण्याइतकी मोडी यायला वर्ष जाईल, पण नमुना १४ ची शब्दसंपत्ती चिमूटभर असते: महिने, जाती, रोग, गावं आणि तीच ती नावं. रोज तासभर बसलं तर दीड-दोन महिन्यांत वाचता येतं. मोडीत आधी ओळ मारून मग अक्षरं तिला टांगतात, शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, एवढं ध्यानात ठेवायचं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. जात पडताळणीसारख्या सरकारी कामाला कागद द्यायचा असेल तर लिप्यंतर मात्र अधिकृत जाणकाराकडूनच करून घ्यावं. आपलं वाचन तिथे चालत नाही.

लिहिणारा कोण होता हेही लक्षात ठेवावं. कुलकर्णी-तलाठ्याच्या लेखणीतून दलितांची नावं हिणवून उतरत: येसूचा येशा, धोंडीचा धोंड्या, रामाचा राम्या. त्याहून जुन्या कागदांत महारांच्या नावामागे ‘नाक’ येतं. येसनाक, रामनाक, सिदनाक. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरही अशीच नावं कोरलेली आहेत. येशा, येसू आणि येसनाक हा एकच माणूस असू शकतो. नावाचं रूप जसंच्या तसं उतरवून घ्यावं, आपल्या मनाने सुधारून लिहू नये. ते रूपच पुढे काळ ओळखायला कामी येतं.

अभिलेख कक्षात जाताना लेखी अर्ज न्यावा: गाव, नमुना क्रमांक, सालं आणि ‘अवलोकनासाठी’ हा शब्द. नक्कल हवी तर कोर्ट फी स्टॅम्प लावून वेगळा अर्ज. उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, अर्जाला १० रुपये आणि पानाला २. एका कार्यालयात आम्हाला ‘वही जीर्ण आहे, उपलब्ध नाही’ असं दोनदा सांगितलं गेलं. तिसऱ्या वेळी ती शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात बांधलेली निघाली. दोन्ही गावांची नावं एकाच अक्षराने सुरू होत होती. म्हणून शेजारचे दोन-तीन गठ्ठेही मागावेत. पान फिकट असेल तर वरून उजेड पाडू नये. टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरावी म्हणजे टाकाने उठलेली अक्षरं सावलीने दिसतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच लावू नये आणि बोटाला थुंकी लावून पान उलटू नये.

२०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत ही पानं स्कॅन झाली आणि पुष्कळ जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. ती फक्त कुणब्यांच्या कामाची आहेत असं समजू नये. पान अख्खं स्कॅन झालेलं असतं. कुणब्याच्या ओळीखालची ओळ मजुराच्या मुलाची असते.

नमुना १४ ने आम्हाला १८८० च्या दशकापर्यंत नेलं. मधली पाच वर्षं गहाळ होती, ती गहाळच राहिली. त्यामागे वतनाचे कागद होते. महार वतन म्हणजे गावकीची राबणूक, आणि तिच्या बदल्यात हाडकी-हाडवळ्याचा इनामी तुकडा. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची नोंदवही ठेवली गेली. कुणाची तक्षीम, म्हणजे वाटा, किती आणि कामाची पाळी कुणाची ते त्यात येतं. ज्या वतनाने माणसाला पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवलं, ज्याच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं, त्याच वतनाच्या वहीत त्या माणसांची नावं टिकली आहेत.

या वहीत नावापेक्षा वाटा महत्त्वाचा. वाटे सोळा आण्यांत मोजलेले असतात. आमच्या गावात सहा तक्षिमा होत्या, म्हणजे प्रत्येकी २ आणे ८ पै. आधीच्या यादीत रामनाकापुढे २ आणे ८ पै. नंतरच्या यादीत तो नाही, पण येसू आणि आणखी एक अशा दोन नावांपुढे १ आणा ४ पै. बरोबर निम्मा. बापाचं नाव लिहिलेलं नसतानाही हे दोघे रामनाकाचे वारस आहेत, हे आकडेच सांगत होते. शेजारी वारस चौकशीचा कागद निघाला आणि त्यात दोघे भाऊ असल्याचं स्पष्ट मिळालं.

१ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ वतनं रद्द झाली आणि जमिनींचं नवीन शर्तीने फेरवाटप करायचं ठरलं. त्या वेळचा फेरफार जरूर काढावा, गाव नमुना ६ मध्ये. एकेका फेरफारात सगळ्या तक्षिमांचे हयात वारस ओळीने येतात. ज्यांनी कब्जाहक्काची रक्कम भरली नाही त्यांची जमीन सरकारजमा झाली. या कुटुंबाच्या नावावर आज सातबारा नाही तो यामुळे. पण फेरफारात धोंडीच्या दोन्ही मुलांची आणि विधवा सुनेची नावं आहेत.

ज्यांना वतनही नव्हतं अशा मजूर घरांनी जमीनमालकाचे कागद पाहावेत. जुन्या सातबाऱ्यात इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव असतं, आणि नमुना १२ मध्ये प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव आणि ‘रीत’: खुद्द, खंडाने की बटईने. १९४८ च्या कूळकायद्यानंतर आणि १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरण्याच्या, कृषकदिनाच्या आधी पुष्कळ नावं खोडली गेली. खोडलेल्या ओळीला कंस असतो आणि त्यापुढे फेरफार क्रमांक. तो फेरफार काढला की ‘कुळाने राजीखुशीने जमीन सोडली’ अशी नोंद आणि खाली अंगठा मिळतो. घरात कुणाला ठाऊकही नसतं की आपला आजा कूळ होता. त्यासाठी आज्याने कुणाच्या रानात काम केलं ते विचारून त्या मालकाचे गट आणि जुने सर्व्हे नंबर मिळवावे लागतात.

अभिलेख कक्षात आणखी एक वही मागावी: १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. जनगणनेची नावनिशी माहिती कुणाला पाहायला मिळत नाही, पण तिच्यावरून तयार केलेलं हे रजिस्टर काही तालुक्यांत टिकून आहे. घरक्रमांकाने एकेक कुटुंब, प्रत्येकाचं वय आणि उपजीविकेचं साधन. घरातली सगळी माणसं एका जागी दिसणारा मजुराचा याच्याइतका चांगला कागद आम्ही दुसरा पाहिला नाही.

सावकारी कर्जाची वाट लांब आहे पण पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांत ती फळते. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात स्वतः शेतमजुरी करणाऱ्यालाही शेतकरी मानलं होतं आणि त्याचे लेखी व्यवहार नोंदवणं सक्तीचं झालं. घर गहाण टाकल्याचा दस्त दुय्यम निबंधकाच्या पुस्तक १ मध्ये असेल तर सूची १ मध्ये नावाने शोधता येतो आणि तो कुणालाही पाहता येतो. नुसत्या कर्जरोख्यासारखा स्थावर नसलेला दस्त पुस्तक ४ मध्ये जातो. त्याची नक्कल करून देणाऱ्यालाच, घेणाऱ्याला किंवा त्यांच्या वारसाला मिळते, म्हणून तिथे घरच्या माणसानेच अर्ज करावा.

गाव १९४८ पूर्वी कुणाच्या हद्दीत होतं हे सगळ्याआधी पाहायला हवं. माणच्या शेजारचं आटपाडी औंध संस्थानात होतं. फलटण, जत ही वेगळी संस्थानं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला तोच सांगली. आपल्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात काही नसेल तर कागद जळाले असं मानण्याआधी जुनी हद्द तपासावी. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात आणि साल फसली. त्यात ५९० मिळवलं की साधारण इसवी सन निघतं. कोकणातली शाखा मॉरिशसला गेल्याची आठवण घरात असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत.

नाशिक, त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या किंवा दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी सांगत फिरणारे हेळवी, मराठा, धनगर, माळी अशा मजूर घराण्यांना पुष्कळ देऊन जातात. ज्यांना देवळाची पायरीच बंद होती त्यांनी तिथून फार आशा धरू नये.

शेवटी जुळवणी. आमचा नियम असा होता की दोन पिढ्यांमधली प्रत्येक रेघ दोन वेगळ्या कार्यालयांतल्या कागदांनी सिद्ध झाली तरच शाईने काढायची. एकाच कागदावर उभी असेल तर पेन्सिलने, आणि आठवणीवरची तुटक. आजपासून धोंडीपर्यंत शाई आहे: शाळा, नमुना १४, १९५९ चा फेरफार. धोंडी ते येसू शाई: मृत्यूची नोंद आणि वतनाची वही. येसू ते रामनाक पेन्सिल, कारण वाट्याची नोंद आणि वारस चौकशी दोन्ही एकाच दप्तरातल्या. बायकांत धोंडीच्या बायकोची, भागूची रेघ शाईची आहे, तिच्या माहेरच्या वहीतल्या शेऱ्यामुळे. येसूच्या बायकोचं नाव कुठेच नाही. तिचा मृत्यू त्या गहाळ पाच वर्षांत पडला असावा, असं आजूबाजूची कार्डं सांगतात. तिच्यासाठी झाडात एक रिकामी चौकट ठेवली आहे, आणि खाली लिहिलं आहे: माहेर शोधायचं.